भोगवटादार वर्ग दोन, लेव्हल एक

आमच्या भोरकडे 'कॅरेक्टर' हा शब्द दोनच कामांना लागतो. नोकरीला लागताना दाखला काढायला आणि जुळत आलेलं लग्न मोडायला. त्यामुळे पुण्याहून आलेल्या पुतण्याने ओटीवर बॅग टेकवत "काका, मला एक कॅरेक्टर शीट बनवून हवंय" असं म्हटलं, तेव्हा आतून आईचा आवाज आला, "काय केलं रं त्यानं?"

"काही नाही केलं आजी. खेळ आहे."

"मग खेळाला दाखला कशाला लागतोय?"

प्रश्न रास्त होता, पण पुतण्याकडे त्याहून रास्त कारण होतं. म्हणाला, "काका, तुम्हाला रकाने पाडता येतात."

मी एकतीस वर्षं तलाठी होतो. निम्मी नोकरी वेल्ह्यात, निम्मी भोर तालुक्यात. या एकतीस वर्षांत लोकांनी मला पुष्कळ काही म्हटलं, त्यातलं काही तोंडावरही म्हटलं. पण माझ्या अंगचा हा गुण ओळखून, पन्नास किलोमीटर प्रवास करून कुणी दारात आलं नव्हतं. मी चष्मा पुसला आणि पट्टी काढली.

पुतण्याने आधी कॉटवर एक पिशवी उलटी केली. तीतून रंगीत फासे गडगडले. चार बाजूंचा, सहा बाजूंचा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचा. आईने वीस बाजूंचा फासा उजेडाकडे धरून बघितला आणि विचारलं, "ह्यो खडा कुठल्या ग्रहाचा?" बायकोचं म्हणणं एवढंच, की हे तांदळाच्या डब्यापासून लांब ठेवा, इंद्रायणीत खडा निघाला तर मी उगाच दुकानदाराशी भांडेन.

खेळ त्याने समजावून सांगितला तो असा. चार-पाच जण गोल करून बसतात. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "तुम्ही दरवाज्यापाशी पोचलात, आता काय करता?" असं तो विचारतो. तुम्ही सांगता, "दरवाज्यावरून उडी मारतो." उडी जमली की नाही हे फासा ठरवतो. फाशात तुमच्या अंगच्या गुणांची भर पडते, आणि ते गुण ज्या कागदावर मांडलेले असतात त्याला म्हणायचं कॅरेक्टर शीट.

"आणि गोष्ट सांगणारा?"

"तो डीएम."

मी उठून उभा राहिलो. सवयीने. आमच्या खात्यात डीएम म्हणजे डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट, साक्षात जिल्हाधिकारी. पुतण्या म्हणाला, "बसा काका, डंजन मास्टर. तो मीच आहे." मी बसलो, पण तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही डीएमचं काम सारखंच आहे. तुम्ही काय करू बघता ते ऐकून घ्यायचं आणि मग नियम दाखवायचा.

हा खेळ तसा नवा नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाने तो खोक्यात घालून विकायला काढला. खोक्यात तीन बारक्या पुस्तिका होत्या. त्याचा खापरपणजोबा शोधायचा तर १८२४ मधल्या प्रशियात जावं लागतं. तिथे लष्करी अधिकाऱ्यांना नकाशावर ठोकळे मांडून आणि फासे टाकून लढाई शिकवत. तेव्हा एक ठोकळा म्हणजे एक अख्खी तुकडी. दीडशे वर्षांत ती तुकडी आटत आटत एका माणसावर आली आणि त्या माणसाला त्याचा स्वतःचा कागद मिळाला. आमच्या खात्याचा प्रवास नेमका उलट्या दिशेने होतो. दारात जिता माणूस येतो आणि आम्ही त्याचा ठोकळा करतो.

अमेरिकेतल्या त्या कागदावर सहा गुण असतात. तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची, म्हणजे प्रत्येक गुण तीनपासून अठरापर्यंत. पुतण्याला आणि त्याच्या मित्रांना खेळ बारा मावळात घडवायचा होता, राजगड-तोरण्याच्या आसपास, शिवकाळात. तेव्हा पहिलं काम भाषांतराचं. ताकद, चपळाई, काटकपणा इथपर्यंत गाडी सुरळीत आली. पुढे 'इंटेलिजन्स' आणि 'विज्डम' असे दोन वेगळे रकाने होते आणि त्यांत फरक काय, हे पुतण्याला धड सांगता येईना. मला लगेच आलं. सातबारा वाचता येणं ही बुद्धी. भावकीच्या सातबाऱ्यावर चार माणसांत बोट न ठेवणं हे शहाणपण.

सहाव्या गुणाने मात्र दमवलं. 'करिश्मा' लिहावं तर नटीचं नाव वाटतं. 'व्यक्तिमत्त्व' म्हणजे पंधरा दिवसांचं शिबिर. 'छाप' म्हटलं की छपाई. शेवटी आमच्या तालुक्यातला रोजचा शब्द घेतला: वजन. "त्याचं पंचायतीत वजन आहे" म्हटल्यावर काटा घेऊन कुणी धावत नाही. मी समाधानाने लिहिलं, 'वजन: १८'. पुतण्याच्या मित्राने फोनवर ते पाहिलं आणि विचारलं, हा अठरा किलोचा मावळा कुपोषित आहे का?

ताकदीतही एक अडचण होती. तीन फाशांत माणसाची ताकद अठराच्या पुढे जात नाही. आणि आमच्याकडे भाटघरच्या धरणाच्या पाण्यालाच येसाजी कंक जलाशय म्हणतात. भुतोंड्याच्या या येसाजींनी गोवळकोंड्याला हत्तीशी झुंज दिली, असं इथलं शेंबडं पोरही सांगतं. ज्या भागात ताकदीचं माप हत्तीपासून सुरू होतं तिथे अठरा कुणाला द्यायचे? पुतण्या म्हणाला, "येसाजी कंक खेळाडूला मिळणार नाहीत काका, ते गोष्टीत असतील." मी मान डोलावली. मोठी माणसं आमच्याही वाट्याला नेहमी गोष्टीतच आली.

नमुना म्हणून मी स्वतःवर फासे टाकून पाहिले. ताकद ९, चपळाई ६, काटकपणा ११, बुद्धी १४, शहाणपण ८, वजन ५. बायकोने कागद वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "फासे चांगले शिकलेले दिसतात."

आता मांडणी. पुतण्याने इंग्रजी शीटचा नमुना आणला होता. चौकटी, ढाली, कोपऱ्यात शेपटीने वेटोळं घातलेला ड्रॅगन. मी म्हटलं, बाळा, एखाद्या वस्तूचं नाव, गाव, मगदूर, मालकी, दोष, कर्ज आणि भानगडी हे सगळं एका पानावर मांडायची युक्ती आपल्याकडे केव्हाच काढून ठेवलेली आहे. सरकारचे गाव नमुने एकूण एकवीस, त्यातला सातवा आणि बारावा जोडून जो कागद होतो, त्यावर महाराष्ट्र चाललेला आहे.

आणि मी मावळ्याचा सातबारा काढायला बसलो.

अगदी वर गाव, तालुका, जिल्हा. पहिली ठेच तिथेच लागली. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं २०२४ साली मंत्रिमंडळाने ठरवलं, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. शिवकाळात तर दोन्ही चूक. तेव्हा गुंजण मावळ, कानद खोरं. मी ही दोन्ही लिहिली, मधे तिरपी रेघ मारून. तलाठ्याने तिरपी रेघ मारली की पुढची जबाबदारी वाचणाऱ्याची.

मग 'रेस'. इंग्रजी कागदावर या रकान्यात एल्फ, ड्वार्फ असं काहीबाही असतं. २०२४ च्या नव्या पुस्तकात त्यांनीच हा शब्द काढून 'स्पीशीज' केलं. तो रकाना मराठीत आणला की त्याचं काय होतं, हे एकतीस वर्षं दाखले लिहिलेल्या माणसाला सांगायला नको. मी पट्टी उचलली आणि तो रकानाच पाडला नाही. आयुष्यात असं एकदा तरी करायचं होतं.

त्यापुढे 'क्लास'. पुतण्याच्या लेखी क्लास म्हणजे योद्धा, मांत्रिक, चोर. बायकोच्या लेखी क्लास म्हणजे दहावीची शिकवणी. माझ्या लेखी क्लास दोनच: भोगवटादार वर्ग एक आणि वर्ग दोन. वर्ग एक म्हणजे मोकळा गडी. जमीन विकावी, गहाण टाकावी, कुणी अडवत नाही. वर्ग दोनला विकायची तर वरून परवानगी लागते. भोर-वेल्ह्यात भाटघर आहे, नीरा देवघर आहे, गुंजवणी आहे, पानशेत आहे. धरणाखाली रान गेलं आणि बदली जमीन मिळाली, की ती सहसा वर्ग दोनची. त्यामुळे आमच्या भागातला खरा नायक वर्ग दोनचाच असणार, हे मी ठामपणे मांडलं. पराक्रम करावा, पण परवानगी घेऊन. (पाणी मात्र वर्ग एकचं आहे. ते कुणालाही न विचारता कालव्याने खाली निघून जातं.)

'अलाइनमेंट' नावाचा एक रकाना असतो. मूळ खेळात त्याचे तीनच प्रकार होते: नियमाने चालणारा, मधला आणि धुडगूस घालणारा. पुढे त्याचे नऊ झाले. मी तिथे 'गट' लिहिलं आणि शेजारी कंसात 'शिसपेन्सिलीने भरावे'. निवडणुकीच्या दिवसांत आमच्याकडे एकेका माणसाचा गट सकाळचा वेगळा आणि रात्रीच्या जेवणानंतरचा वेगळा असतो.

पण सातबाऱ्यातला मला सगळ्यात आवडलेला शब्द पोटखराबा. इतकी वर्षं रोज लिहिला, पण त्यातलं सौंदर्य मावळा मांडताना कळलं. पोटखराबा म्हणजे जमिनीचा जो तुकडा लागवडीचा नाही तो. खडक, टेपाड, काही केल्या न पिकणारं. प्रत्येक माणसात असा थोडा तरी असतो. मुलं त्याला 'फ्लॉ' म्हणत होती. कुठे 'फ्लॉ' आणि कुठे पोटखराबा! शिवाय त्यात वर्ग अ आणि वर्ग ब. अ म्हणजे मुळातच नापीक. ब म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामासाठी गेलेला. म्हणजे आमचा थोरला भाऊ उत्तम माणूस, पण त्याचा निम्मा पोटखराबा ब आहे. गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक मयत, प्रत्येक बंद पडलेला पंप त्याच्यातून वाट काढून जातो.

'इतर हक्क' या रकान्यात बोजे. मुलांनी कल्पना केलेल्या मावळ्यांवर कसलंच कर्ज नव्हतं. मी म्हटलं, हे इतिहासाला आणि भूगोलाला दोन्हींना धरून नाही, आणि प्रत्येकावर चार-चार होनांचा बोजा चढवला.

खाली बाराव्या नमुन्यात सामानसुमान. पुतण्याच्या यादीत तलवार, दोर, मशाल आणि सात दिवसांचा 'रेशन' होता. शिधापत्रिकेवरचा नव्हे, कोरडा खाऊ. आईने ती यादी ऐकली आणि विचारलं, "पाऊस लागला म्हंजी?" कुणाकडे उत्तर नव्हतं. खेळ लिहिणाऱ्या अमेरिकनांनी कधी आषाढात वेल्हे पाहिलं नसावं. मग आईने यादी सांगितली आणि मी लिहून घेतली. भाकरी, ठेचा, घोंगडं, कमरेला आकडी, आकडीत कोयता. आणि इरलं. भातलावणीला डोक्यापासून पाठीपर्यंत घ्यायचं, कामट्यांवर पानं बांधून केलेलं इरलं. वाकून काम करता येतं, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि वाऱ्याला पाठ दिली नाहीत तर माणसासकट उडतं. पुतण्याने त्याला चिलखतात धरलं: पावसापासून बचाव अधिक दोन, चपळाई उणे एक. घोंगड्याचा नियम आईने स्वतः घातला, आणि माझ्या मते अख्ख्या खेळात तेवढा एकच नियम निर्दोष आहे: घोंगडं भिजलं की त्याचं वजन दुप्पट धरायचं, आणि पांघरलेलं असलं तरी थंडी वाजते असं बोलायचं नाही.

आता राहिली लेव्हल. राक्षस मारला, खजिना मिळाला की खेळाडू एकदम वरच्या पायरीवर जातो म्हणे. एकदम? मी म्हटलं, असं कुठे असतं? आधी फेरफाराची नोंद धरायची. नमुना सहा. मग संबंधितांना नोटीस. हरकतींसाठी पंधरा दिवस. हरकत न आल्यास मंडल अधिकारी नोंद मंजूर करणार आणि मग मावळा लेव्हल दोन.

"काका, तोवर दुसरा राक्षस येईल."

"येऊ दे. त्याचा वेगळा फेरफार."

कच्चा नमुना तयार झाला. त्यात एक बनावट मावळा भरून मी पाच प्रती काढायला स्टँडकडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. रांगेत माझ्या मागे पांढरे बूट घातलेला एक तरुण उभा होता. अलीकडे आमच्याकडे दर तीन माणसांमागे एक जमिनीचा एजंट आहे. उरलेले दोन त्याचे पाहुणे. त्याने माझ्या खांद्यावरून कागद वाचला.

"वेल्ह्यातली का? क्षेत्र अठरा?"

"अठरा ताकद आहे."

"अठरा एकर म्हंजी ताकदीचंच काम. पोटखराबा तीनच, चालतंय. वर्ग दोन हाय, परवानगीचं बघून घेऊ. रोड टच?"

"पाऊलवाट आहे. गडावरून येते."

"म्हंजी गड दिसतो?" त्याचा श्वास अडकला. "व्ह्यू फर्स्ट क्लास म्हणा की. मालक कुठं असतेत?"

"मालक सतराव्या शतकात असतात."

त्याने हळहळून मान हलवली. "गेले का?" आणि मग खिशातला फोन काढत, आवाज खाली आणून: "वारस किती हायेत?"

मी प्रती घेतल्या आणि घरी आलो. रस्ताभर मला त्या मावळ्याची काळजी वाटत राहिली. तीनशे-साडेतीनशे वर्षं कुणी त्याचं काही वाकडं केलं नव्हतं आणि मी त्याचा एक कागद काढला, तर तासाभरात गिऱ्हाईक आलं.

रात्री आम्ही चुलते-पुतणे इतिहासाला लागलो, कारण मुलांना वर्ग एक आणि दोन नको होते, सैनिकी पेशे हवे होते. इथे सभासद कामाला आला. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला, राजाराम महाराजांच्या काळात, जी बखर लिहिली तीत फौजेची उतरंड नीट दिलेली आहे. पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, आणि अशी ती वर सरनोबतापर्यंत जाते. घोडदळात ज्याला सरकारचा घोडा तो बारगीर, ज्याचा घोडा घरचा तो शिलेदार. झालं, चारही मुलांना शिलेदार व्हायचं होतं. मी त्यांना सांगितलं, की सभासदाच्या हिशेबात शिलेदार हे पागेच्या हाताखाली, म्हणजे सरकारी घोड्यावाल्यांच्या हुकुमात. घरचं वाहन आणलं म्हणून ऑफिसात मान वाढत नाही, हे तेव्हाही होतं.

मला स्वतःला कोण व्हायचं ते मात्र पान उघडताच ठरलं होतं. गडावर तीन अधिकारी बरोबरीचे: हवालदार, सरनोबत आणि सबनीस. किल्ल्या हवालदाराकडे, पहारे सरनोबताकडे, कागद सबनिसाकडे. एकट्याच्या मनात आलं म्हणून गड शत्रूला देता येऊ नये, अशी ती रचना. म्हणजे महाराजांनी स्वराज्य नुसतं तलवारीच्या भरवशावर सोडलं नव्हतं. प्रत्येक गडावर त्यांनी एक मी बसवला होता. पुतण्या म्हणाला, "काका, सबनीस कुणी खेळत नाही. तो लढत नाही." मी म्हटलं, तो अडवतो.

मागच्या पानावर 'बॅकस्टोरी' म्हणून एक मोठा कोरा चौकोन होता. पात्राचं पूर्वायुष्य तिथे लिहायचं. मराठीत याला शब्द नाही म्हणून पुतण्या हळहळत होता, तेव्हा मी त्याला गाडीवर घालून कारीचा रस्ता दाखवायच्या बेतात होतो. कारी आपल्याच तालुक्यातलं, कान्होजी जेध्यांचं. जेधे करीना म्हणजे दुसरं काय आहे? आमचं घराणं कुठून आलं, वतन कसं मिळालं, कुणी कुणाला मारलं, कोण कुठे कामी आलं. सगळी बॅकस्टोरी, आणि तीही वतनाच्या हक्कासाठी, म्हणजे कामाची. आणि खेळात दर बैठकीला काय झालं ते टिपून ठेवायचं असतं ना? त्यासाठी जेधे शकावली बघ. शके १५४० ते १६१९ एवढा काळ, आणि नोंदी दोन-दोन ओळींच्या. अमुक महिन्यात अमुक झालं, पुढे चला. अफजलखानाच्या भेटीवर आपल्याकडे तीन-तीन तासांची नाटकं झाली. शकावलीकार एवढ्या मोठ्या प्रसंगापाशीही रेंगाळत नाही. लोकमान्य टिळकांनी ती छापून पुढे आणली आणि तिच्यातल्या शिवजन्माच्या तिथीवर पुढे अनेक वर्षं विद्वान भांडले. त्या एका ओळीने केवढ्या शाईचा खप केला! चांगली नोंद ही अशी असते. थोडक्यात लिहायचं आणि पुढच्यांना कामाला लावायचं.

पुतण्याने विचारलं, "म्हणजे बॅकस्टोरीला 'करीना' लिहू?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याच्या मित्रांनी विचारलं, करिश्मा काढून करीना का घातली?

शनिवारी ते मित्र आले. तीन मुलगे, एक मुलगी. पाचवा खेळाडू मी. नवे कागद वाटले, फासे वाटले आणि आपापले मावळे भरायचं काम सुरू झालं. दीड तास गेला. एकाचा ताकदीचा फासा कॉटखाली गेला, एकाला आपल्या मावळ्यासाठी नाव सुचेना. मधेच एक जण म्हणाला, याचं दाढी असलेलं चित्र काढू का? मी म्हटलं, दाढीचं जपून. आमच्या राजवाड्यात सारखी शूटिंगं चालतात. आमच्या गल्लीतला एक जण तिथे गर्दीत उभा राहायला जायचा. दुपारपर्यंत दाढी लावून मुघल, जेवल्यावर दाढी काढून मावळा. एकदा दाढी काढायची राहिली आणि त्याच्याच बाजूच्या लोकांनी त्याला कापला.

तेवढ्यात आई चहाचे कप घेऊन आली आणि मुलीसमोर बसली.

"तू कुणाची गं?"

"मी बाणेरची, आजी."

"त्यो पत्ता झाला. गाव?"

गाव तिने सांगितलं. मग आईचं गाव. मग आजीचं माहेर. आजीचं माहेर हिरडस मावळात निघालं, तशी आईने मांडी सावरली. कुणाच्या घरातली? थोरलीच्या की धाकटीच्या? पडक्या विहिरीजवळचं घर का? बोटांच्या पेरांवर हिशेब झाला, आणि ती तेवीस वर्षांची मुलगी नात्याने माझी मावशी निघाली. मी उठून वाकलो. तिचा चहा सांडला.

उरलेले तिघेही आईने तेवढ्याच वेळात उरकले. एकाचं मूळ गाव, मामाचं गाव, बाप कशात आहे, घरचं रान आहे की धरणात गेलं, पुण्यात भाड्याने की स्वतःचं, तिखट चालतं का, आणि लग्नाचं काय. सात प्रश्न, चार माणसं, चहा गार व्हायच्या आत. फासा नाही, पट्टी नाही. माझ्या समोर मात्र अजून 'सीमा आणि भूमापन चिन्हे' या रकान्यात मावळ्याचं काय लिहावं यावर चर्चा चालू होती.

रात्री जेवणं झाल्यावर खेळ सुरू झाला. बाहेर खरा पाऊस, आत गोष्टीतला. पुतण्याने आवाज खोल केला. श्रावणातली मध्यरात्र. महत्त्वाचा खलिता घेऊन चौघे जण राजगडाच्या पाली दरवाज्याशी पोचलेत. दिवस मावळल्यापासून दरवाजा बंद. आतून पहारेकरी हाक देतो: कोण आहे? काय करता?

पहिल्याने दोर टाकला. फासा पडला दोन. दोर परत आला. दुसऱ्याने कोयता दगडावर घासून धाक दाखवला. वजन चार; पहारेकरी हसला. मावशीने खलिता दाखवायचं ठरवलं. तो वाचायचा तर आत सबनिसाकडे जाणार, आणि सबनीस मी होतो.

"रात्रीचा दरवाजा उघडायचा हुकूम आहे का?" मी विचारलं.

"खलित्यातच आहे, काका!"

"खलिता दरवाज्याबाहेर आहे. बाहेरचा कागद आत आल्याशिवाय वाचता येत नाही, आणि हुकूम वाचल्याशिवाय दरवाजा उघडता येत नाही."

इतकी वर्षं नोकरी करून जे सुख मिळालं नव्हतं ते त्या क्षणी मिळालं. मुलांनी पुन्हा तीनदा फासे टाकले. एक, सहा, एक. घोंगडी भिजून दुप्पट जड झाली. पुतण्या काटकपणातून गुण कापायला लागला. एकाचा जीव तीनवर आला.

आई दारात बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "त्या पहारंकऱ्याला इचारा, मामाचं गाव कुठलं."

पुतण्याने आपला कागद पाहिला. त्यावर पहारेकऱ्याचा जीव अकरा, चिलखत तेरा, भाला एक, एवढंच होतं. मामा नव्हता. "गुंजवणे," तो सुचेल ते बोलला.

"गुंजवण्यात कुणाकडं?"

"आजी, तो काल्पनिक आहे."

"असू दे की. गुंजवण्यात घरं किती हायेत? वरल्या आळीतला का खालच्या?"

"...वरल्या."

"मंग त्याची आई मेंगाईच्या जत्रंला आमच्याकडं उतरायची. लंगडत यायची बिचारी. त्याला म्हणावं उघड दार, पोरं भिजल्यात."

खोलीत कुणी बोलेना. पुतण्याने वीस बाजूंचा फासा तिच्यासमोर सरकवला. "आजी, असं होत नाही. निदान फासा तरी टाक."

"त्यो कशाला?" आईने शेंगेचं टरफल परातीत टाकलं. "पाव्हणा निघाला न्हवं?"

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी कागद पुढे ओढला. सातबाऱ्याला शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. आयुष्यभर मला तो सगळ्यांत लहान वाटत आला होता. त्यात मी बारीक अक्षरात लिहिलं: रात्री चार असामी आत घेतल्या. हुकूम नाही. ओळख पटली. सोबत इरली दोन, घोंगडी दोन, सर्व भिजलेली. हरकत असल्यास पंधरा दिवसांत.